ह्यांचं नाव न घेता

११ एप्रिल १९९९, सांगली

आज पहाटे माझं पहिलं पत्र अमेरिकेला गेलं. पोस्टाने नव्हे, टेलिफोनच्या तारेतून. आमच्या लेकीने, अपूर्वाने, तिकडून शोधून दिलेला हा गट चाकावरच्या घरांत राहणाऱ्या, फिरणाऱ्या बायकांचा आहे. पुरुषांना मज्जाव. एकीने लिहिलं की ते सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर जातं आणि मग जिला जे सुचेल ते ती सगळ्यांना सांगते. आमच्या भिशीसारखंच, फक्त चहा जिचा तिने करून घ्यायचा.

ह्यांनी निवृत्त झाल्यावर जुनी मेटॅडोर घेतली. तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी बसवून देश बघायचा, असं आमचं ठरलं आहे. कल्पना माझी, गाडी ह्यांची. पण गाडीत बाईने अंघोळ कुठे करायची, रात्री जायचं झालं तर काय करायचं, हे ह्यांच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. तेच मी पहिल्या पत्रात विचारलं.

ह्यांच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोन माणसांकडे असतात. ह्यांनी घरातही तोच नियम लावला आहे. लिहायचं मी, पाठवायचं ह्यांनी. पहाटे लाइन मोकळी असते, तेव्हा फिरायला जायच्या आधी हे फोन जोडतात, माझं पत्र धाडतात, आलेली उतरवून घेतात. मी चहा घेऊन बसते तोवर सगळं पान वाढून ठेवल्यासारखं समोर असतं. पासवर्ड मला माहीत नाही. विचारलाही नाही, तेवढाच व्याप कमी.

२३ एप्रिल

बायका भारी आहेत. अंघोळीवर नुसती उत्तरांची झोड उठली. हेझल म्हणून एक आहे, ॲरिझोनातली, एकाहत्तर वर्षांची. नवरा गेल्यावर घर विकलं आणि एका मांजराला घेऊन गाडीत राहायला गेली. स्वतः चालवते. गटाची सूत्रं तिच्याकडे आहेत, पण ती शिक्षिकेसारखी वागत नाही. मी अठरा वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे मला फरक कळतो.

मी पत्रात ह्यांना ‘माय मिस्टर’ लिहिते. हेझलने विचारलं, मिस्टरांना नाव नाही का? मग मी सविस्तर लिहिलं, की आमच्यात माझ्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. कुठे हळदीकुंकवाला आग्रह झालाच तर उखाण्यात गुंफून घेतात, म्हणजे घेतलं आणि न घेतल्यासारखं. नुसतं, उघडं नाव मी लग्नापासून कधी उच्चारलेलं नाही की लिहिलेलं नाही. कॅनडातल्या लोर्नाने विचारलं, ते वारल्यावर तरी घेता का? मी लिहिलं, ते मला सांगता येणार नाही, माझे जिवंत आहेत.

त्यांना हे फार आवडलं. आता सगळ्याच ह्यांना ‘द मिस्टर’ म्हणतात.

९ मे

कुपवाडला गॅरेजवर गेले होते. बिराप्पा मिस्त्री गाडीचं काम मनापासून करतोय. आज मोरीवरून पंचाईत झाली. तो म्हणाला, "वैनी, मोरी आत घ्यायची म्हंजी पलंग आखूड हुतोय. सायबांचं पाय भायेर लोंबतील." मी म्हटलं, लोंबू देत. मोरी आत.

हेझल दर पत्रात एकच विचारते, तू गाडी चालवतेस ना? लायसन मी मार्चमध्येच काढलं आहे, पण हे म्हणतात, तू नकाशा बघ. म्हणून काम बघायला जाते तेव्हा बिराप्पाकडून गॅरेजमागच्या माळावर हात साफ करून घेते. आज मागे घ्यायला शिकवलं. त्याचा पोरगा मागे उभा राहून हात करत होता आणि मी त्याच्याकडे बघत बघत गाडी सरळ बाभळीत घातली.

बिराप्पा म्हणाला, "मागं घेताना मानसाकडं बघायचं न्हाई वैनी. आरसा बघायचा. मानूस हात करतंय ते त्येच्या मनानं करतंय."

हे सगळं हेझलला लिहिलं. ह्यांना नाही सांगितलं.

३० मे

गंमत झाली. गटात आणखी एक भारतातली बाई आली आहे आणि ती निघाली साताऱ्याची. दीक्षा नाव. शाळेत विज्ञान शिकवते. तिचे यजमान महेंद्र लष्करात ड्रायव्हर-मेकॅनिक होते. त्यांनी लिलावात लष्कराची मोडीत काढलेली रुग्णवाहिका घेऊन तिचं घर केलं आणि दोघं लेहपर्यंत जाऊन आली. घरी फोन नाही. सातारच्या एका सायबर कॅफेतून लिहिते.

सांगली-सातारा एसटीने चार तास, आणि आमची ओळख व्हायला ॲरिझोनाला वळसा घालावा लागला. मी तिला आमचा पत्ता लिहून पाठवला, विश्रामबाग, पिवळं गेट, कधीही ये. ह्यांना सांगितलं तर पहिला प्रश्न, आडनाव काय तिचं? मी म्हटलं, विचारलं नाही. खरंच विचारलं नव्हतं, हेझलनेही कुणाला विचारलेलं नाही.

२० जून

गाडी तयार झाली म्हणून आज हरिपूरला संगमापर्यंत पहिली फेरी. जाताना सगळं छान. वडाखाली गाडी लावून आत चहा केला. दोन नद्यांचं पाणी खिडकीतून दिसत होतं, एक गढूळ, एक जरा कमी गढूळ. मी इतकी सुखात होते की बोलायचंच राहून गेलं.

घरी आल्यावर हे गाडी उलटी आत घ्यायला लागले आणि धडाम. गेटचा खांब. मागचा दिवा फुटला. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे, पुन्हा तोच खांब. शेजारचे जोशी गॅलरीत आले. हे म्हणाले, बिराप्पाने शिडी जास्त मागे वेल्ड केली आहे. मग खाली उतरून शिडी मोजायला लागले. तोवर मी चालकाच्या जागेवर बसले, आरसा बघितला आणि गाडी आत घेतली. जोशींनी टाळी वाजवली. तेवढी वाजवायला नको होती.

हे जेवून लवकरच झोपले. मी रात्रीच सगळं लिहून काढलं, वडाखालचं पाणी, चहा, खांब, शिडी, टाळी. लिहिताना मलाच हसू आवरेना.

२९ जून

गटात गेला आठवडाभर दुसरा विषय नाही. प्रत्येकीकडे एक गेटचा खांब निघाला. लोर्नाच्या नवऱ्याने पेट्रोल पंप पाडला होता. हेझलने लिहिलं, मिस्टरांना सांग, खांब जागचा हलत नसतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. मी कितीतरी वर्षांत एवढी हसले नव्हते.

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. जेवण अर्धंच. फिरायला जातात तेही लवकर आणि येतात उशिरा. पित्त असेल. आवळ्याचा मोरावळा काढून ठेवला.

८ जुलै

हेझलने एक सुंदर गोष्ट ठरवली आहे. दोन ऑक्टोबरला गटातल्या प्रत्येकीने आपली गाडी आवडत्या ठिकाणी नेऊन लावायची आणि खिडकीतून जे दिसतं ते लिहायचं. तारीख तिने माझ्यासाठी निवडली, तुमच्याकडे सुट्टी असते ना म्हणून. नाव दिलंय ‘खिडकीचा दिवस’. एक अट, गाडी तिथवर स्वतः चालवत न्यायची.

मी कबूल केलं. पाटणच्या पुढे कोयनेच्या काठी नेईन म्हणून लिहिलं. दीक्षा म्हणाली, मीही तिथेच येते, दोन खिडक्या शेजारी-शेजारी. माझ्या नावावर आजवर काय आहे? शाळेतली नोकरी सासूबाईंच्या आजारपणात सोडली. फिरले तिथे कुणाच्या तरी मागून फिरले. हा एक दिवस माझा आहे. बावन्नाव्या वर्षी असं लिहिताना लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, बघू.

१७ जुलै

चार दिवस एकही पत्र नाही. ह्यांना विचारलं तर म्हणाले, लाइन खराब असेल, तुझं मात्र गेलं.

२ ऑगस्ट

अजून काही नाही. मी पाच पत्रं लिहिली. आधी साधी, मग काळजीची, मग माझं काही चुकलं का अशी. हे रोज पहाटे सांगतात, गेलं. पलीकडून चकार शब्द नाही. हेझल नाही, लोर्ना नाही, दीक्षासुद्धा नाही.

रविवारी अपूर्वाचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं. ती म्हणाली, आई, असे गट बंद पडतात गं. बाळ रडत होतं, फोन ठेवला.

मला वाटतं, माझा कंटाळा आला त्यांना. चार दिवस गंमत केली, भारतातली बाई, नवऱ्याचं नाव घेत नाही, खांबाला गाडी धडकते, आणि गंमत संपली. मी त्यांना माझ्या घरातलं, मनातलं सगळं दिलं. अंघोळीपासून एकटेपणापर्यंत सगळं. आणि त्यांनी साधं निघतो म्हणूनही सांगितलं नाही. साताऱ्याची दीक्षा तरी? तिला पोस्टकार्ड टाकावं असं दोनदा मनात आलं. टाकलं नाही. माझ्या गळ्यात पडायला हिला कुणी सांगितलं होतं का, असं तिला वाटेल.

हे मात्र फार जपतात. परवा मारुती रोडवरून मोगऱ्याचा गजरा आणला. किती वर्षांनी आणला. म्हणाले, "अगं, गोऱ्या बायका त्या. त्यांना कसली आलीय माया. तू कशाला जीव लावतेस?" मला रडू आलं. हे पाठीवरून हात फिरवत बसले. शेवटी आपलं माणूस ते आपलं, हेच खरं.

१४ ऑगस्ट

लालासाहेब आले होते. ह्यांचे बँकेतले जुने खातेदार, मूळ फलटणचे, आता मिरजेत हॉटेल आहे. निवडणुकीत कुणाचं तरी काम करताहेत. त्यांना प्रचाराला गाडी हवी आहे.

"आवं वैनी, महिन्याचा तर प्रश्न हाय. मतदान झालं की गाडी आरशागत पुसून दारात आणून लावतो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "तुझं काय मत? ऑक्टोबरमध्ये तुझं ते होतं."

मला विचारलं याचं बरं वाटलं. मी म्हटलं, कुणाची खिडकी आणि कुठला दिवस, द्या. लालासाहेब खूश होऊन दोन चहा प्यायले.

२२ ऑगस्ट

भाजी निवडत होते. रस्त्यावरून कर्णा ओरडत गेला. बाहेर बघितलं तर आमची गाडी. टपावर दोन भोंगे, काचांवर पोस्टरं, आत पोरं दाटीवाटीने. माझ्या ओट्याच्या खिडकीतून एकजण पायताण बाहेर काढून बसला होता. गाडी गेल्यावर मी दार लावून घेतलं.

१२ सप्टेंबर

गाडी परत आली. बाकं बसवायला पलंग काढला होता, तो कुठे गेला कुणाला ठाऊक नाही. मोरीत पोस्टर चिकटवायची खळ वाळून बसली आहे. हे म्हणाले, आता विकूनच टाकू, गिऱ्हाईक बघतो. मी हो म्हटलं. उद्या गणपती, मला वेळ नव्हता.

१५ सप्टेंबर

आजचं आजच लिहून ठेवणार आहे.

दुपारी मी उद्याच्या गौरींच्या करंज्या तळत होते. बाहेर मोठ्या गाडीचा आवाज आला. हे बनियनवर होते, तसेच जाऊन गेट उघडलं. बराच वेळ कुणी आत येईना, म्हणून मी झारा हातात घेऊनच बाहेर आले.

गेटबाहेर हिरवी, चौकोनी, लष्करी गाडी. एक पस्तिशीतली बाई पांढऱ्या शेवंतीची फुलं घेऊन उभी होती. मागे कॅप घातलेला एक उंच माणूस. बाई ह्यांच्याकडे बघत होती. मग तिने दारावरच्या तोरणाकडे बघितलं, आतल्या मखराच्या दिव्यांकडे बघितलं, माझ्या कपाळाकडे बघितलं आणि फुलं पाठीमागे घेतली.

"क्षमाताई? मी दीक्षा. साताऱ्याची."

मी इतक्या दिवसांचा राग गिळून ‘या’ म्हटलं. हे शर्ट घालून येतो म्हणाले आणि मागच्या दाराने बाहेर गेले ते दिवेलागणीलाच आले.

दीक्षाला स्वयंपाकघरातच घेऊन बसले. ती आधी नुसती करंजी हातात धरून बसली. मग म्हणाली, "ताई, माफ करा. आम्ही भेटायला आलो होतो. म्हणजे, सांत्वनाला."

"कुणाच्या?"

ती खाली बघत म्हणाली, "काकांच्या."

मग तिने सगळं सांगितलं. जुलैत माझं पत्र आलं होतं. पतीची प्रकृती बरी नाही, कौटुंबिक जबाबदारी आहे, गाडी विकत आहोत, तरी माझे नाव गटातून कमी करावे ही विनंती. हेझलने रीत म्हणून नाव काढलं आणि मग सगळ्यांनी मला घरच्या पत्त्यावर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या पत्त्यावर, एकेकटीने पत्रं लिहिली. लोर्नाने तीन. हेझल रोज लिहीत होती. कुणालाच उत्तर नाही.

"पण सांत्वन कशाला?"

"ताई, त्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं, माझे पती चिंतामण." दीक्षाने करंजी खाली ठेवली. "उखाणा नाही, काही नाही. सरळ नाव. हेझल मला म्हणाली, तिने नाव घेतलंय, म्हणजे काहीतरी भयंकर झालंय. लोर्नाला तर वाटलं, ते गेले म्हणूनच घेतलं. मलाही तसंच वाटलं. माझी आई घेते वडलांचं नाव, आमच्याकडे एवढं नसतं, पण तुमचं मला माहीत होतं ना. शाळेला आज सुट्टी मिळाली, तशी निघाले."

कढईतल्या करंज्या काळ्या झाल्या. महेंद्रने दारातून आत येऊन गॅस बंद केला.

"मॅडम, तुमची गाडी बघितली मी," तो म्हणाला. "आतनं लय वाट लावलीया. पर इंजन झ्याक हाय. चेसिसला काय न्हाई झालं."

मी त्याला धन्यवादसुद्धा म्हटलं नाही. मी दीक्षाला विचारलं, "म्हणजे तुम्ही मला सोडलं नव्हतं?"

ती म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्ही आम्हाला सोडलंत."

१६ सप्टेंबर

गौरी बसल्या. सवाष्ण जेवली. सगळे गेल्यावर मी ह्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "ते पत्र तुम्ही लिहिलंत?"

"कोणतं?" जन्म बँकेत गेला, आधी व्हाउचर मागायची सवय.

मी पुन्हा तेच विचारलं. मग हे म्हणाले, "शेकडो बायका हसल्या मला. अमेरिकेपर्यंत. गेटचा खांब, शिडी, जोशी. घरातलं तू चव्हाट्यावर मांडलंस क्षमा. मी कुणाला तोंड दाखवायचं?"

"त्या तुम्हाला ओळखत तरी होत्या का? आणि तुम्ही वाचलंत कसं? माझी पत्रं होती ती."

"पाठवायचं माझ्याकडे होतं ना. पहिल्यापासून वाचतोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आधी आवडायचं मला. पहाटे उठून तुझं पत्र वाचायचं. हरिपूरला त्या पाण्याबद्दल तू माझ्याशी एक अक्षर बोलली नाहीस. शेजारी बसलो होतो मी. त्यांना पानभर लिहिलंस."

हे मला लागलं. खोटं कशाला लिहू, लागलं. पण त्याच वेळी डोळ्यांपुढे गजरा आला. माझ्या मैत्रिणींची पत्रं रोज पहाटे पुसून टाकायची, फिरून यायचं, आणि मी रडले की पाठीवरून हात फिरवायचा. ‘गोऱ्या बायका त्या.’ मी ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून त्यांना शिव्या दिल्या, आणि ह्यांनी देऊ दिल्या. गाडी द्यायची का, हेसुद्धा मलाच विचारलं. माझा होकार माझ्याच तोंडून काढून घेतला. खांबाला धडकल्याचं मी हसण्यावारी नेलं होतं, हे कशावारी नेऊ?

मी विचारलं, "दुखवट्याची पत्रं आली, तीही वाचलीत?"

"वाचली."

"स्वतःच्या?"

"एकीने चांगलं लिहिलं होतं," हे म्हणाले. आणि खरंच हळवे झाले.

मग मी म्हटलं, "तुमचं नाव मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. म्हणून तर तुम्ही पकडले गेलात. मी तुमचं नाव घेत नाही."

हे म्हणाले, "घेतेस की."

"कधी घेतलं?"

हे विचार करायला लागले. खरोखर, कपाळाला आठ्या घालून आठवायला लागले. बत्तीस वर्षं. अहो म्हटलं, इकडे म्हटलं, अपूर्वाचे बाबा म्हटलं. दारावर कुणी आलं तर ‘घरात नाहीत’ एवढंच म्हटलं. पावतीवर नाव लिहायची वेळ आली तर पेन ह्यांच्या हातात दिलं. आणि ह्यांच्या हे लक्षातच आलेलं नव्हतं. हेझलच्या आलं, लोर्नाच्या आलं.

"घेत नाहीस?" हे म्हणाले.

मी उठून गौरींच्या समईत तेल घातलं.

२५ सप्टेंबर

मी स्वतः गाडी कुपवाडला नेली. गिऱ्हाईक वगैरे काही नाही, असं घरात सांगून टाकलं. बिराप्पाने आत डोकावून लालासाहेबाच्या सात पिढ्या काढल्या. पलंग आता होणार नाही. एक फळी बसवून दिली, बसायला आणि लिहायला. काचांवरची पोस्टरं मी घरी येऊन गरम पाण्याने काढली, एकाचं अर्धं कपाळ आणि मिशी काही केल्या निघेना.

ह्यांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून माझ्या टेबलावर ठेवला आहे. मी चिठ्ठी उघडलेली नाही. त्या दारातून मला आता जायचं नाही. दीक्षाने पोस्टाने कळवलं आहे, सायबर कॅफेत माझ्या एकटीच्या नावाचा पत्ता काढता येतो, फुकट, आणि मी समोर बसून स्वतःच काढायचा.

३ ऑक्टोबर, सातारा

काल सकाळी निघाले. हे गेटच्या खांबाजवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, मी येऊ का? मी म्हटलं, डबा ओट्यावर आहे, आमटी गरम करून घ्या. मग हे मागे जाऊन हात करायला लागले, ये, ये, डावीकडे घे, थांब. मी आरशात बघितलं. आरशात खांबही दिसत होता आणि हेही दिसत होते. मी खांबावर नजर ठेवून गाडी उलटी बाहेर काढली.

कराडपर्यंत पाठ ताठ. पाटणच्या रस्त्याला लागल्यावर सैल झाली. दीक्षा-महेंद्र आधीच येऊन थांबले होते. नदीच्या कडेला दोन्ही गाड्या शेजारी लावल्या, खिडकीसमोर खिडकी नको म्हणून दोन्ही पाण्याकडे तोंड करून. दीक्षाच्या खिडकीत बुद्धाची छोटी मूर्ती होती, माझ्या खिडकीत ती अर्धी मिशी. पलीकडच्या काठावर एक बाई म्हशी धूत होती. एक म्हैस पाण्यातून निघायला तयार नव्हती आणि बाई तिला समजावत होती, ओरडत नव्हती. मी फळीवर वही ठेवून हे सगळं लिहिलं. लिहिताना दोनदा वाटलं, हे आता पहाटे कोण वाचेल. सवय वाईट.

आज सातारच्या कॅफेत टाइप करायला बसले. इंग्रजीतच, सगळं खरं. पत्र कुणी लिहिलं, गाडी कशी गेली, रागात मी मैत्रिणींना काय काय म्हटलं, तेही. दीक्षा मागे उभी होती. म्हणाली, "ताई, नवीन पत्ता आहे. त्यांना कसं कळणार की हे तुम्हीच लिहिलंय? एकदा फसल्यात त्या."

मग दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. खूण एकच होती. मी जिथे जिथे ह्यांचा विषय आला तिथे ‘माय मिस्टर’ लिहिलं. लिहिताना हाताला जड गेलं. मी मीच आहे हे माझ्या मैत्रिणींना पटवायला अजून तेच लिहावं लागत होतं. पत्र पुरं झाल्यावर दीक्षाने बटण दाखवलं. मी दाबलं. इतकंच असतं ते. काहीही होत नाही, पत्र समोरून जातं.

आता गाडी दीक्षाच्या गल्लीत लावली आहे. ती दुपारच्या जेवणाला पिठलं करते आहे, वास येतोय. उत्तर उद्या येईल, तिकडे आत्ता रात्र आहे. घरी कधी जाणार, असं महेंद्रने विचारलं. मी म्हटलं, बघू.

या वहीत मला कुणाला खूण पटवायची नाही, म्हणून लिहिते. चिंतामणने मला फसवलं. चिंतामणने माझ्या मैत्रिणी माझ्यापासून तोडल्या आणि वर माझे डोळे पुसले. वाटलं होतं, नाव लिहिताना हात अडखळेल. अडखळला नाही.